एलियाहूचे पत्र

पिंपरीच्या औषध-कारखान्याच्या वसाहतीत माझे बालपण गेले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली तिथे उभा राहिला आणि त्याच्या पाठोपाठ नाना गावांचे, नाना जातींचे लोक त्या माळावर राहायला आले. आमच्या भिंतीला भिंत लागून जे बिऱ्हाड होते, ते बेने इस्राएलांचे. मूळचे अलिबागकडचे, आडनावाच्या शेवटी ‘कर’, आणि घरातले बोलणे आमच्याहूनही ठसठशीत कोकणी वळणाचे मराठी. त्या घरातल्या बाईंना आम्ही सगळी मुले मावशी म्हणत असू. शुक्रवारी दिवेलागणीला त्यांच्याकडे तेलाचा दिवा लागे आणि शनिवारी शेगडी पेटत नसे. त्यांच्यात आणि आमच्यात एवढाच काय तो फरक मला त्या वयात दिसत होता.

आणखी एक फरक होता, पण तो खाण्याचा असल्यामुळे मी तो फरक धरीत नसे. घरात काही चांगले घडले, दुखणे हटले, मुलाला नोकरी लागली, की मावशी मलिदा करीत. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलदोडा, वर सुका मेवा आणि ताटाच्या कडेला फळे. ताट मांडायचे ते एलियाहू हन्नाबीच्या नावाने. हन्नाबी म्हणजे संदेष्टा. भिंतीवर त्याची तसबीर होती: पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध, अग्नीच्या रथात बसून आभाळात चाललेला. मला तो कित्येक वर्षे सूर्यनारायणच वाटत असे. मावशींना मी तसे एकदा म्हणालो, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “सूर्य रोज मावळतो रे बाबा,” त्या म्हणाल्या, “आमचा एलियाहू गेला तो मेलाच नाही. तो येतो.”

१९९६ सालच्या उन्हाळ्यात मी मॅट्रिकची परीक्षा देऊन रिकामा बसलो होतो. मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी मला रोज दुपारी तासभर वाचून दाखवायला बोलावले. पुस्तक म्हणजे मराठी पवित्र शास्त्र. त्यातला नवा करार ख्रिस्ती लोकांचा, तो त्यांच्या कामाचा नव्हता. म्हणून त्यांनी पुस्तकाचा तो मागचा भाग दोऱ्याने घट्ट बांधून ठेवला होता आणि जुन्या करारापुरतेच ते उघडत असे. आम्ही शमुवेलापासून सुरुवात केली. शमुवेलाची दोन पुस्तके झाली, राजांची दोन झाली. दाविदाने गल्याथाला मारले, शलमोनाने मंदिर बांधले, राज्याचे दोन तुकडे झाले, उत्तरेत अहाब राजा गादीवर आला, आणि एलियाहूने त्याच्यापुढे उभे राहून त्याचे वाभाडे काढले. या भागात मावशी मला दोन-दोनदा मागे जायला लावीत. कर्मेल डोंगरावरचा अग्नी, नाबोथाचा द्राक्षमळा, शेवटी तो रथ.

राजांची पुस्तके संपली आणि इतिहासाची दोन पुस्तके सुरू झाली. आधी नऊ अध्याय नुसत्या वंशावळी. मावशींना डुलकी लागे, मी पाने गाळी. मग पुन्हा दावीद, पुन्हा शलमोन, तीच गोष्ट दुसऱ्यांदा. ‘दुसरे इतिहास’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अहाब आला. यहूदाच्या राजाला बरोबर घेऊन तो लढाईला गेला आणि बाण लागून मेला. मी पान उलटणार तोच मावशी सावरून बसल्या.

“अहाब आला आणि गेला,” त्या म्हणाल्या. “एलियाहू कुठे आहे?”

मी मागे पाहिले, पुढे दोन पाने चाळली. नव्हता. कर्मेल नाही, नाबोथ नाही, रथही नाही. सोळा वर्षांच्या शहाणपणाने मी म्हणालो, “मावशी, एका पुस्तकात आहे, दुसऱ्यात नाही. म्हणजे कुणीतरी मागाहून घुसडलेला असणार.”

त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतले, मिटले, आणि फडताळात ठेवले. चहा नेहमीसारखा दिला, पण वाचायला पुन्हा बोलावले नाही. पुढल्या वर्षी त्या मुलाकडे इस्राएलला कायमच्या निघून गेल्या. जाताना ते दोरा बांधलेले पुस्तक मला दिले. आता तुला वाचायला येते, एवढेच म्हणाल्या. यात टोमणा होता की आशीर्वाद, हे मला अजून नीटसे ठरवता आलेले नाही.

पुढे मी मास्तर झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतल्या दोन ऐतिहासिक असल्यामुळे एकाच प्रसंगाच्या दोन हकिकती समोर ठेवून डोके खाजवण्याचा प्रसंग माझ्यावर वारंवार आला. हिब्रू भाषा मला येत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते छापून निघाले. असल्या तपश्चर्येपुढे मी कोण? पण भाषांतरांच्या आणि पंडितांच्या लिखाणाच्या आधाराने गेली काही वर्षे मी मावशींच्या त्या एका प्रश्नामागे आहे. एलियाहू कुठे गेला?

वाचकांना प्रथम त्या दोन ग्रंथांची ओळख करून द्यायला हवी. शमुवेल आणि राजे ही पुस्तके मिळून एक सलग इतिहास आहे. त्यातला शेवटचा प्रसंग इसवी सनापूर्वी ५६१ च्या सुमाराचा आहे. यरुशलेम पडलेले, मंदिर जळालेले, यहूदाचा एक राजा बाबेलच्या तुरुंगातून सुटून तिथल्या राजाच्या पंक्तीला जेवतो आहे, आणि पुस्तक तिथेच थांबते. म्हणजे त्याला अखेरचे रूप दिले गेले ते पराभवानंतर. ‘आपले राज्य का बुडाले?’ हा एकच प्रश्न त्या लेखकाला छळतो आहे. इतिहासाची पुस्तके याच्यानंतर बहुधा दीडदोन शतकांनी लिहिली गेली. इराणच्या कोरेश राजाने, म्हणजे सायरसने, यहूद्यांना परत जाऊन मंदिर बांधण्याची मोकळीक दिली, त्या इसवी सनापूर्वी ५३८ च्या फर्मानाशी ती संपतात. पहिला ग्रंथ परक्याच्या पंक्तीला संपतो, दुसरा घरच्या वाटेवर.

हिब्रूत या दुसऱ्या ग्रंथाला ‘दिवसांच्या गोष्टी’ अशा अर्थाचे नाव आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला नाव दिले ‘पॅरालिपोमेना’, म्हणजे राहून गेलेल्या गोष्टी. मौज अशी की राहून गेलेल्या गोष्टींपेक्षा त्याने गाळलेल्या गोष्टीच अधिक प्रसिद्ध आहेत. ग्रंथाचा जवळजवळ निम्मा भाग शमुवेल आणि राजे यांच्याशी जुळतो, कित्येक ठिकाणी शब्दन् शब्द. पण दाविदाने उरीयाची बायको बथशेबा हिला घरात आणली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले, ही शमुवेलातली भयंकर गोष्ट इथे समूळ नाहीशी झालेली आहे. मनश्शे राजा पहिल्या ग्रंथात सगळ्यांत दुष्ट, राज्य बुडाले ते त्याच्या पापामुळे. दुसऱ्या ग्रंथात तोच मनश्शे बेड्या घालून बाबेलला नेला जातो, तिथे पश्चात्ताप करतो, आणि सुटून परत येतो. पंचावन्न वर्षे राज्य करणारा माणूस नुसताच पापी कसा राहील, ही अडचण दुसऱ्या लेखकाला पडली असावी. परंतु अश्शूरच्या दोन सम्राटांच्या लेखांत मांडलिकांच्या यादीत मनश्शेचे नाव खरोखरच आहे, तेव्हा सम्राटापुढे त्याला हजर व्हावे लागलेच नसेल असेही कुणी छातीवर हात ठेवून सांगू नये.

दाविदाने प्रजेची शिरगणती केली ती गोष्ट घ्या. शमुवेलात देवच रागाने दाविदाच्या मनात ती कल्पना घालतो आणि मग त्याबद्दल शिक्षाही करतो. इतिहासात ती कल्पना घालणारा सैतान आहे. दोन ग्रंथांच्या मधल्या काळात लोकांना देवाकडून असले काम करून घेणे अवघड वाटू लागले होते, हे इथे अगदी उघड दिसते. साथ थांबावी म्हणून दावीद एका यबूसी माणसाचे खळे विकत घेतो. शमुवेलात खळे आणि बैल मिळून पन्नास शेकेल रुपे, इतिहासात त्या जागेचे सहाशे शेकेल सोने. त्याच जागी पुढे मंदिर उभे राहिले, असे इतिहासकार सांगतो. देवळाची जागा स्वस्तात मिळाली असे सांगणे कुठल्या पुजाऱ्याला आवडेल?

गल्याथाची भानगड याहून गंमतीची आहे. गल्याथाला दाविदाने गोफणीने मारले हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण शमुवेलाच्याच दुसऱ्या पुस्तकात, शेवटाकडे, एका कोपऱ्यात लिहिले आहे की गल्याथाला बेथलेहेमच्या एलहानानाने मारले. हा एलहानान कोण, कुठला, त्याला कुणी विचारीत नाही. इतिहासकाराने हा घोळ पाहिला आणि सोडवला. तो म्हणतो, एलहानानाने मारले ते गल्याथाच्या भावाला, त्याचे नाव लहमी. आता ‘बेथलेहेमचा’ याला हिब्रूत ‘बेथ-हल्लहमी’ म्हणतात. त्यातला ‘लहमी’ सुटा करून त्याने त्याचा माणूस बनवला, असे पंडितांचे मत आहे. मला हे वाचून त्याच्याविषयी जिव्हाळाच वाटला. पोथी नकलून घेताना रात्री कंदिलापाशी बसून दोन वाक्यांचा मेळ घालणारा हा माणूस मला ओळखीचा वाटतो.

ओळखीचा वाटण्याला आणखी एक कारण आहे. ताहराबादच्या महिपतींनी संतांची चरित्रे एकदा ‘भक्तविजया’त सांगितली, शके १६८४ मध्ये, आणि बारा वर्षांनी ‘भक्तलीलामृता’त त्यांतली कित्येक पुन्हा सांगितली. माझ्या घरापासून देहू किती दूर? आमच्या देहूच्या तुकोबांचे चरित्र दोन्ही ग्रंथांत आहे आणि दुसऱ्यात ते कितीतरी विस्तारले आहे. चिंचवडच्या देवांकडे तुकोबा जेवायला आले आणि गणपती पानावर बसला, ही महिपतींची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. महिपती आपला आधारही सांगतात, नाभाजी आणि उद्धवचिद्घन. हे मी पदरचे रचलेले नाही, असे ते श्रोत्यांना बजावतात. इतिहासकारही असेच वारंवार सांगतो: हे शमुवेल द्रष्ट्याच्या, नाथान संदेष्ट्याच्या, गाद द्रष्ट्याच्या लेखांत आहे, ते राजांच्या ग्रंथात आहे. ते लेख आज एकही उरलेले नाहीत.

बखरींचे तसेच. सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिले ते सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. मल्हार रामराव चिटणिसाने साताऱ्याला लिहिले ते एकोणिसाव्याच्या आरंभी. मधल्या शंभरावर वर्षांत राज्याचे काय काय झाले ते चिटणिसाच्या शाईत उतरलेच. आमच्या रात्रीच्या वर्गाला चाकणच्या मोटार-कारखान्यांत पाळी करून आलेली पोरे बसतात. १६६० साली शायिस्ताखानाने चाकणचा किल्ला वेढला आणि फिरंगोजी नरसाळा तो सुमारे दोन महिने लढवत राहिला, हे मी त्यांना सांगतो, कारण त्यांची बस त्या किल्ल्याच्या ढासळलेल्या भिंतींजवळूनच जाते. मग कुणीतरी दोन पुस्तके काढून विचारते, “सर, यातले खरे कुठले?” मावशींनी मला जे विचारले तेच. फरक एवढाच की आता उत्तर देताना माझी जीभ अडखळते.

ती अडखळावी हे मला शिकवले मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांनी. पाश्चात्त्य पंडितांनी इतिहासकाराला फार झोडपले. जर्मनीत १८०६-०७ मध्ये डी वेट्टे याने त्याच्या वाटेला विश्वासार्ह असे फारसे ठेवले नाही, आणि १८७८ साली वेलहाउझनने त्याचा फडशाच पाडला. जिथे जिथे तो शमुवेलाहून वेगळे सांगतो, तिथे तिथे त्याने पदरचे घातले, असा एकंदर न्याय. शिरगणतीच्याच गोष्टीत इतिहासकार म्हणतो की दाविदाने डोळे वर केले तेव्हा देवदूत पृथ्वी आणि आकाश यांच्यामध्ये उभा होता, हातात उपसलेली तलवार. परंपरेने चालत आलेल्या हिब्रू शमुवेलात हे वाक्य नाही. तेव्हा हा याचाच कल्पनाविलास! पुढे १९४७ पासून कुमरानच्या गुहांतून गुंडाळ्या निघू लागल्या. १९५२ साली चौथी गुहा सापडली. तिच्यातल्या शमुवेलाच्या एका अतिजुन्या प्रतीच्या तुकड्यांवर तो देवदूत तलवार उपसून उभा होता. म्हणजे इतिहासकाराच्या हातात शमुवेलाची जी पोथी होती ती आपल्या हातातल्या पोथीहून वेगळी होती. त्याने प्रामाणिकपणे नकलले होते. दोनएक हजार वर्षांनी ज्याच्यावर खोटेपणाचा आळ आला, त्याची साक्ष द्यायला कातड्याचे चार तुकडे गुहेत वाट पाहत बसले होते.

त्याच प्रतीत गल्याथाची उंची चार हात आणि एक वीत आहे. आपल्या नेहमीच्या प्रतीत ती सहा हात आणि एक वीत आहे. जुन्या ग्रीक भाषांतरातही चारच. सव्वासहा-साडेसहा फुटांचा गडी नकला होता होता साडेनऊ फुटांचा झाला. याचे खापर इतिहासकारावर कुणी फोडू शकत नाही. ही वाढ पहिल्या ग्रंथातलीच.

अलीकडे एडिंबरोच्या ऑल्ड नावाच्या पंडिताने १९९४ साली असेही मांडले की दुसऱ्या ग्रंथाने पहिल्याची नक्कल केलेलीच नाही, दोघांनीही एका तिसऱ्या, आता हरवलेल्या ग्रंथावरून लिहिले आणि आपापली भर घातली. हे बहुतेकांना पटलेले नाही, मलाही पुरते पटत नाही. पण पटले तर मावशींच्या प्रश्नाला त्यामुळे भलतीच धार येते. कारण मग एलियाहू दुसऱ्याने गाळला असे न होता पहिल्याने घातला असे होईल, आणि १९९६ सालचा तो पोरगा बरोबर ठरेल!

म्हणून जिथे बाहेरचा साक्षीदार मिळतो तिथे मी धाव घेतो. असा एक प्रसंग आहे हिज्कीया राजाचा. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा सम्राट सन्हेरीब यहूदावर चालून आला. राजांच्या ग्रंथात हिज्कीया आधी शरण जातो, तीनशे किक्कार रुपे आणि तीस किक्कार सोने खंडणी भरतो, त्यासाठी मंदिराच्या दारांचा मुलामा खरवडून काढतो. मग यरुशलेमला वेढा पडतो आणि देवदूत एका रात्रीत शत्रूसैन्य मारतो. यातली बरीचशी कथा यशयाच्या पुस्तकात जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा आहे, पण खंडणी मात्र तिथून गायब. इतिहासातही गायब. आता सन्हेरीबाची बाजू. निनवेच्या अवशेषांत त्याचा एक सहा बाजूंचा मातीचा लेख १८३० साली सापडला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात सम्राट सांगतो की आपण यहूदाची शेहेचाळीस तटबंदीची गावे घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा यरुशलेमात कोंडला. खंडणी तीस किक्कार सोने, आणि रुपे आठशे. सोन्याचा आकडा जुळला! रुप्याच्या बाबतीत घेणाऱ्याने वाढवले की देणाऱ्याने कमी केले, ते ज्याचे त्याने ठरवावे. यरुशलेम घेतले असे मात्र सन्हेरीब कुठेही म्हणत नाही.

म्हणजे पहिला ग्रंथ खरा आणि दुसरा सोयीचा, असे म्हणावे, तर त्याच हिज्कीयाने वेढ्यापूर्वी पाणी शहरात आणले त्याचा तपशील दुसराच अधिक देतो. राजांच्या ग्रंथात तळे आणि पाट यांचा ओझरता उल्लेख आहे. इतिहासकार सांगतो की गीहोनाचा वरचा झरा बंद करून ते पाणी खालून दाविदाच्या नगराच्या पश्चिमेकडे वळवले. कातळातून खणलेले ते पाचशेतेहतीस मीटरांचे भुयार आजही आहे, त्यातून पाणी वाहते. १८८० साली पाण्यात खेळणाऱ्या पोरांना त्याच्या भिंतीवर कोरलेला लेख दिसला. दोन टोकांकडून खणत आलेल्या पाथरवटांना मधल्या कातळातून एकमेकांच्या हाका ऐकू आल्या, असे त्यात कोरले आहे. राजाचे नाव नाही. सगळ्या पोथ्यांपेक्षा मला हा लेख प्रिय आहे.

पण मी एलियाहूच्या शोधात होतो. त्याचे उत्तर पाहता पाहता अगदी सोपे निघाले, आणि मला स्वतःची लाज वाटली. शलमोनानंतर राज्याची दोन शकले झाली, उत्तरेला इस्राएल, दक्षिणेला यहूदा. उत्तरेचे राज्य इसवी सनापूर्वी ७२० च्या सुमारास अश्शूरने बुडवले. इतिहासकार यरुशलेमच्या मंदिराचा माणूस. त्याच्या लेखी दाविदाचे घराणे तेवढे राज्य, बाकी बंडखोर. उत्तरेचे राजे त्याच्या पुस्तकात येतात ते दक्षिणेच्या राजाशी गाठ पडली तरच. म्हणून अहाब लढाईपुरता आला आणि गेला. एलियाहू हा उत्तरेचा संदेष्टा. उत्तरच गाळली, तिथे तो कुठून राहणार? याला घुसडणे म्हणत नाहीत. आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून एखादा प्रांत वगळला की त्यातली माणसेही जातात, तसेच हे.

अहाब तर अश्शूरच्या लेखातही आहे, इसवी सनापूर्वी ८५३ च्या कर्करच्या लढाईत, दोन हजार रथांचा धनी म्हणून. एलियाहूला असा साक्षीदार नाही. त्याच्या कथा उत्तरेतल्या शिष्यमंडळींनी तोंडी जपल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे. विधवेच्या घरचे तेल न सरणे, मेलेले मूल जिवंत होणे, या गोष्टी एकदा एलियाहूच्या नावावर आहेत आणि एकदा त्याचा शिष्य अलीशा याच्या नावावर. तोंडी कथांची ही खूणच असते. राज्य बुडाल्यावर पळून आलेल्या लोकांनी त्या दक्षिणेत नेल्या असतील आणि राजांच्या ग्रंथकाराने त्या आपल्या ग्रंथात घेतल्या असतील. त्याने त्या घेतल्या म्हणून आपल्याला मिळाल्या.

इथे कोकणचा किनारा येतो. बेने इस्राएल सांगतात की त्यांच्या पूर्वजांचे तारू चौलजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बाकीच्यांना नवगावला पुरले. किनाऱ्यावर वाहून आलेल्या चौदा प्रेतांची अशीच कथा परशुरामाच्या नावाने चित्तपावनांविषयीही सांगतात. ती कुणी कुणाची घेतली, की समुद्रकाठच्या तिसऱ्याच कथेवरून दोघांनी, हा पुन्हा तोच जुना पेच. हायम शमुवेल केहिमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला १९३७ मध्ये. त्यांच्या मते हे पूर्वज उत्तर पॅलेस्टाइनमधून इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास निघाले. याला पुरावा म्हणावा असे काही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या एका अभ्यासात या समाजात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंशधागे ठळक दिसले, यापलीकडे मी जात नाही.

पण एवढे खरे की कित्येक शतके या लोकांजवळ एकही पोथी नव्हती. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सुंता, शनिवार, पंख आणि खवले असलेलीच मासळी, आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना, एवढ्यावर त्यांनी धर्म सांभाळला. १८३२ मध्ये जॉन विल्सनने हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, मिशनच्या शाळा निघाल्या, जुना करार मराठीत आला, आणि मग त्यांना आपल्याच पूर्वजांच्या गोष्टी वाचायला मिळाल्या. त्यांनी लगेच काय करावे? १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि इतर मंडळींनी त्यांची कीर्तने केली! पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या, सगळे आमचे, आणि आख्यान अब्राहामाचे किंवा योसेफाचे.

आणि एलियाहू? तो पोथीची वाट पाहत बसलेला नव्हता. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, लोणावळ्याचा खंडाळा नव्हे, एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असे हे लोक मानतात. तिथूनच तो स्वर्गाला गेला. नवस तिथे फेडायचा, मलिदा तिथे मांडायचा. मी दोन वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. खडकावर एक खोलगट वण आहे, त्यात पावसाचे पाणी साचले होते. जगभरचे यहुदी एलियाहूला मानतात, वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी प्याला भरून ठेवतात, तेव्हा केवळ त्याच्या भक्तीवरून हे लोक उत्तरेचेच होते असे सिद्ध होत नाही. मला तसे सिद्ध व्हावे असे वाटते ही गोष्ट निराळी. यरुशलेमच्या लेखकाने ज्याला वगळले, तो पोहे-नारळाच्या ताटावर कोकणात येऊन बसला, हे कादंबरीकाराला सोडवत नाही.

आता माझी चूक सांगतो. त्या दुपारी आम्ही अठराव्या अध्यायाशी थांबलो. मी पुढची दोनच पाने चाळली होती. एकविसाव्या अध्यायात यहूदाचा राजा यहोराम याला एक पत्र येते. तू भावांना ठार मारलेस, तू आतड्यांच्या रोगाने मरशील, असे त्यात लिहिलेले असते. पत्र एलियाहूचे. सबंध इतिहासात त्याचा हा एकच उल्लेख आहे. आणि राजांच्या ग्रंथातला क्रम पाहावा तर तो या आधीच रथात बसून गेलेला आहे. जुन्या यहुदी टीकाकारांना हा पेच दिसला होता, आणि गेल्यानंतरच त्याने पत्र पाठवले असे सांगून त्यांनी तो सोडवला. उत्तरेचे सगळे गाळणाऱ्या लेखकालाही त्याला पुरते गाळता आले नाही.

तीन अध्याय. अर्ध्या तासाचे वाचन. हे मावशींना कळवायचे मी ठरवले तोवर त्या राहिल्या नव्हत्या. त्यांच्या मुलाने मला दिमोनाहून दोन ओळींत तसे कळवले होते.

मागल्या महिन्यात हा लेख लिहायला घेतला तेव्हा ओवी ताडून पाहावी तशी ती जागा ताडून पाहायला मी मावशींचेच पुस्तक काढले. इतकी वर्षे मी दुसऱ्या प्रतीवरून काम करीत होतो. त्या पुस्तकाचा दोरा सोडायचे, का कोण जाणे, माझ्या जिवावर येई. दोरा तसाच ठेवून मी पुढचा भाग उघडला. एकविसाव्या अध्यायात पिंपरी-चिंचवड परिवहनाचे एक पिवळे पडलेले तिकीट घातलेले होते. त्या पानावर बाराव्या वचनाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती, डोळ्यांचे ऑपरेशन नुकतेच झालेल्या माणसाने ओढावी तशी, वर-खाली गेलेली.